न झोपलेल्या माणसाच्या गाद्या

बाजारात त्याला सगळे डुलकीशेठ म्हणत. त्याचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटीचा रंग उडाला आणि नाव त्याच्यासोबत गेलं. शेठला याचं कधी वाईट वाटलं नाही, कारण वाईट वाटायला माणूस आधी जागा असावा लागतो.

चाळीस वर्षं त्याच्या धंद्याची रीत एकच होती. बायको कापूस पिंजून घ्यायची, खोळीत भरायची, टाके घालायची. गादी तयार झाली की दुपारच्या जेवणानंतर शेठ तिच्यावर आडवा व्हायचा आणि पाठ टेकताच घोरायला लागायचा. तासभर गाढ झोपला, तर गादी पास. मध्येच जागा झाला, तर तो गादीत एका जागी बोट रोवायचा. बायको तिथले टाके उसवायची आणि हटकून कापसाची गाठ निघायची, मग ती हरभऱ्याएवढी का असेना. गंमत अशी, की जागेपणी त्याच गादीवरून दहादा हात फिरवला तरी त्याला काही कळत नसे. विद्या त्याच्या झोपेला येत होती, त्याला नाही.

बायको राबते आणि हा लोळतो, असं बाजार म्हणायचा. चारचौघांत बायकोही तेच म्हणायची. पण गिऱ्हाईक दोन गाद्यांपुढे घोटाळलं, की ती हळूच त्यातली एक पुढे सरकवायची आणि यावर आमचे हे झोपलेत, एवढंच सांगायची. तेवढ्यावर सौदा व्हायचा.

मग मुलगा धंद्यात आला. तीन दिवसांचं कसलंसं शिबिर करून आला आणि म्हणाला, लोक वस्तू घेत नाहीत, वस्तूमागची गोष्ट घेतात. आपल्या दुकानाला गोष्ट हवी. वही-पेन घेऊन तो बापासमोर बसला. धंदा कसा सुरू केलात, असं विचारल्यावर शेठने खरं ते सांगितलं: सासऱ्यांनी कापूस दिला, आणि मला दुसरं काही येत नव्हतं. कष्ट कोणते केलेत? ते तुझ्या आईने केले. मुलाने वही मिटली आणि गोष्ट स्वतःच लिहिली.

आठवड्याभरात ती भिंतीवर लागली. ‘एक माणूस चाळीस वर्षं झोपला नाही, तुम्हाला झोप लागावी म्हणून.’ खाली शेठचा टक्क डोळे उघडे असलेला फोटो. तो काढायला फोटोवाल्याची अख्खी सकाळ गेली, कारण दर खेपेला शेठचे डोळे मिटत होते. बायकोने भिंत वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली आणि म्हणाली, ‘‘या माणसाशी माझं लग्न कधी झालं?’’

खोटं कशाला बोला, गोष्ट चालली. लोक तो न झोपलेला माणूस बघायला येऊ लागले. आता बघायला आलेल्यांना घोरणारा माणूस कसा दाखवणार? म्हणून शेठची दुपारची झोप बंद झाली. त्याला दारापाशी ताठ पाठीच्या खुर्चीवर बसवलं आणि तासातासाला कडक चहा पाजला. गाद्या कुणी न झोपताच विकल्या जाऊ लागल्या. चार महिन्यांत तक्रारी सुरू झाल्या: कुणाची पाठ, कुणाची मान. मुलाच्या मते गोष्ट कमी पडत होती. त्याने ती आणखी लांब लिहून घेतली.

एके दिवशी जुन्या गिऱ्हाईक असलेल्या एक निवृत्त शिक्षिका हातगाडीवर गादी घेऊन परत आल्या. त्यांना सगळे बाई म्हणत. दुकान भरलेलं होतं. मुलाने गोष्ट सांगायला सुरुवात केली, तर बाई म्हणाल्या, गोष्ट पाठ झाली, पण पाठ दुखायची थांबली नाही. शेठ उठला, चपला काढल्या आणि त्या गादीवर सरळ आडवा झाला. चार महिन्यांची झोप तुंबलेली होती. मिनिटभरात घोरणं दुकानभर घुमलं. मुलाला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. दहा मिनिटांनी शेठ कूस बदलून जागा झाला आणि त्याने बोट रोवलं. बायको कात्री घेऊन धावली. सुपारीएवढी गाठ निघाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेठला भरून आलं. त्याला वाटलं, सुटलो.

पण मुलगा त्याच बापाचा असला, तरी झोपलेला नव्हता. आठवड्यात भिंत बदलली: ‘चाळीस वर्षं प्रत्येक गादीवर स्वतः झोपणारा माणूस.’ या वेळी गोष्ट अक्षरशः खरी होती. काचेमागे चौथरा बांधला, वर दिवा लावला, शेठला दुकानाचं नाव छापलेला झोपेचा सदरा शिवला. झोपेच्या वेळा अकरा ते एक आणि चार ते सहा.

आणि तिथे शेठला झोपच येईना. चाळीस वर्षं तो झोपू शकला, कारण त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं. आता डोळे मिटून तो लोकांची कुजबुज ऐकत पडायचा आणि मधूनमधून घोरून दाखवायचा. झोपलेलाच नसल्यामुळे मध्येच जागा होण्याचा प्रश्न नव्हता, त्यामुळे प्रत्येक गादी पास होऊ लागली. खोटं घोरणं फक्त बायकोने ओळखलं. घरी ताट वाढताना ती म्हणाली, ‘‘अहो, तुम्हाला काम करताना पहिल्यांदाच बघतेय.’’ शेठ खाली मान घालून जेवला. त्याला खरोखरच लाज वाटत होती.

महिन्याने बाई पुन्हा आल्या. नातीला गादी हवी होती. त्यांनी भिंतीकडे पाहिलंही नाही. चौथऱ्यापाशी जाऊन शेठखालची गादी दाखवत म्हणाल्या, ‘‘शेठ, तुमच्या शब्दावर घेते. हिच्यात गाठ आहे का?’’

शेठ उठून बसला. मागून मुलगा मानेने नाही, नाही अशी खूण करत होता. शेठने गादीवरून हात फिरवला. हाताला काही कळलं नाही, कधी कळलंच नव्हतं.

‘‘माहीत नाही, बाई,’’ तो म्हणाला. ‘‘मी जागाच होतो.’’

मग मुलगा मोठ्याने हसला आणि त्याच्यामागे अख्खं दुकान हसलं. केवढा विनय, असं कुणीतरी म्हणालं. बाईसुद्धा हसल्या, तुमची थट्टेची खोड काही जात नाही म्हणाल्या, आणि गादी बांधायला सांगून गेल्या.

बायको तेवढी हसली नाही. उद्या पोचवते, असं सांगून तिने गादी घरी आणली, आतल्या खोलीत अंथरली, खिडकी लावून घेतली आणि शेठला म्हणाली, ‘‘झोपा आता. मी बघत नाही.’’ दार ओढून ती बाहेर सुई ओवत बसली. वीस मिनिटांनी आतलं घोरणं थांबलं. ती गेली, तेव्हा शेठ अर्धवट उठून बसला होता आणि त्याचं बोट गादीत रुतलेलं होतं.

तिने टाके उसवले. तिकडे दुकानात मुलगा रंगाऱ्याला अक्षरं किती मोठी हवीत ते हाताने दाखवत होता: ‘मी जागाच होतो.’