पिवळं पाणी

परवा लोणच्याला हळद कालवली आणि त्या वासासरशी बावड्याच्या आमच्या जुन्या घरातली माशाची काचपेटी डोळ्यांपुढं आली बघा. आमची लेक सुमन तापानं गेली, त्याच महिन्यात तिच्या सोनेरी माशाचं शेपूट दगडात अडकून फाटलं. जखमेला हळदच, म्हणून आमच्या ह्यांनी मूठभर हळद पेटीत टाकली. पाणी पिवळंधमक झालं, मासा दिसेना.

"अवो, मेला का काय?"

"गप गं. तिचं एवढंच राहिलंय."

मग काचेला कपाळ टेकून हे हळूच म्हणाले, "सुमे, वर ये की गं."

थोड्या वेळानं ओरडले, "आली बघ!"

मासा वर आला होता. तेव्हा मला ह्यांचीच भीती वाटली. आज हेही नाहीत, आणि आठवतं ते वेगळंच. "आली" म्हटल्याबरोबर मी पेटीकडं न्हाय, दाराकडं बघितलं होतं.