धाकल्याचा कान

निजामाच्या राज्यातलं फसली तेराशे पन्नास, म्हणजे इंग्रजी एकेचाळीस साल. मी बावीस वर्षांचा होतो आणि मला माझ्या धाकल्या भावाचा हेवा वाटत होता. त्याच्या अंगाचा न्हाई, अकलेचा तर बिलकुल न्हाई. त्याच्या कानाचा.

कान आम्हा दोघांचेबी फुटलेले. लहानपणी गोवर निघाला, तो जाताना दोघांच्याही कानात पू ठेवून गेला. माय लसणाचं तेल कोमट करून घालायची, सुदर्शनाच्या पानाचा रस पिळायची. थोडे दिवस कान कोरडा राहायचा, की पुन्हा उशी ओली. ऐकायला दोघांनाही कमी यायचं. मला त्याच्याहूनही कमी यायचं, पण ते मी कुणाला कळू दिलं न्हवतं. थोरल्यानं धाकल्याच्या मागं कशात राहायचं?

त्याच साली माझी बायको नांदायला आली. आमच्यात तेव्हा सुनेनं सासऱ्यादेखत नवऱ्याशी बोलायचं न्हाई, दिवसाउजेडी त्याच्याजवळ बसायचं न्हाई. बोलायचं ते दिवा मालवल्यावर, अन तेबी हळू, कारण भिंतीपलीकडं आबा खोकत पडलेले. आता हळू बोललेलं मला ऐकू येत न्हाई, अन मोठ्यानं बोलावं तर गल्लीला कळतं. मंग ती बोलायची अन मी नुसती मान हलवायचो. एकदा तिनं काय विचारलं कुणास ठाऊक, मी 'हो' म्हणलो, तर ती तोंड फिरवून रडत बसली. काय विचारलं होतं ते मला आजपत्तर कळलं न्हाई.

दिवसा मात्र दिराशी बोलायची, थट्टा करायची मुभा. म्हणून तिचा निरोप धाकल्याच्या हातनं यायचा. "भावजी, तुमच्या भावाला म्हणावं, भाकर शेतात आणू का घरी येता?" धाकल्यालाही कमीच ऐकू यायचं, त्यामुळं ती त्याच्याशी जरा आवाज चढवून बोले, अन त्यातलं थोडंफार माझ्याही कानावर पडे. तोवर मला त्याचं काही वाटत न्हवतं.

ज्वारी काढायच्या दिवसात धाकल्याचा कान एकदम ठणकायला लागला. पू यायचा बंद झाला अन कानामागं लिंबाएवढी सूज आली. कानाची पाळी पुढं ढकलली गेली, अंगात ताप, मान वाकडी. मायनं कांदा भाजून बांधला. आबा म्हणाले, "उतरंल." उतरलं न्हाई. तो बरळायला लागला तेव्हा मीच गाडी जुंपली, माय-आबांनाबी बसवलं. वडीगोद्री, अंबड मागं टाकत जालना गाठलं.

तिथं कानाचा एक डॉक्टर होता, हैदराबादेत शिकून आलेला. कपाळाला मधोमध भोक असलेला आरसा बांधायचा अन उजेड कानात सोडून आत बघायचा. त्यानं सूज दाबली, अन आबांना म्हणाला, "पटेल, कानामागचं हाड सडलं. पू आता भेज्याकडं जाईल. हाड कोरावं लागेल, आजच."

आबा खाली बसले. मंग त्यांनी विचारलं, "अन ऐकायला?"

डॉक्टरच्या तोंडावर तेवढ्यात वेगळीच कळा आली. त्याला कुणी त्याच्या मनातलं विचारल्यासारखं. म्हणाला, "बडे डॉक्टर सगळं उकरून टाकतात. माणूस वाचतो, कान जातो. मी ऐकायची बारीक हाडं राखून बघतो. काहींचं जमलं, काहींचं न्हाई जमलं. का न्हाई जमलं, तेच शोधतो. वादा करत न्हाई."

आत छिन्नी अन हातोडी चालली. मायनं दोन्ही कानांवर हात दाबून धरले होते. मला काहीच ऐकू आलं न्हाई, मी तिच्या दचकण्यावरून ओळखत होतो, घाव बसला म्हणून.

धाकला वाचला. आणि डॉक्टरचं जमलं.

जखम भरत आल्यावर डॉक्टरनं घरी सोडलं, पण सांगून ठेवलं की रोज कान साफ करायचा. काडीला कापूस गुंडाळून पू टिपायचा, कोरडी निघेस्तोवर टिपायचा, मंग दिलेली पूड फुंकायची. अन हे उन्हाच्या उजेडातच, दिव्यावर न्हाई, काडी खोल गेली तर घात. मायच्या डोळ्यांत सारा, धड दिसायचं न्हाई. आबांचा हात थरथरता. राहिली माझी बायको.

रोज सकाळी ऊन ओट्यावर आलं की धाकला पाट टाकून बसायचा अन ती त्याच्या डोक्यावर वाकायची. आजाऱ्याची सेवा, त्यात दीर, कुणी काही बोलायचं कारण न्हवतं. पण मी बैलांना पाणी दाखवता दाखवता बघत राह्यचो. तिची बोटं त्याच्या केसात. तिच्या तोंडाची हालचाल. ती आता त्याच्याशी हळू बोलायला लागली होती, कारण त्याला हळू बोललेलं ऐकू येत होतं. जे बोलणं माझ्या हक्काचं होतं ते भर उन्हात माझ्यादेखत त्याच्या कानात चाललं होतं, अन मला त्यातलं अक्षर लागत न्हवतं.

मी त्याला विचारायचो, "काय म्हणली?"

"काय न्हाई दादा. तिच्या माहेरच्या म्हशीचं सांगत व्हत्या."

म्हशीचं! मला त्या म्हशीचं काहीच ठाऊक न्हवतं. माझ्या बायकोच्या माहेरची म्हैस, अन मला ती भावाकडनं कळावी.

मी ठरवलं, आपलंही हाड कोरून घ्यायचं.

डॉक्टरनं धाकल्याला दाखवायला बोलावलं होतं, अन कान कोण साफ करतं तिलाही घेऊन या म्हणला होता. आम्ही तिघं गेलो. डॉक्टरनं धाकल्याच्या कानात आरशाचा उजेड टाकला अन बराच वेळ बघत बसला. मंग माझ्या बायकोकडं वळून म्हणाला, "बेटी, शाबास. असा हात इथं कुणाचा न्हाई." तिनं पदर पुढं ओढला. मला तेही खुपलं. तिचा हात चांगला, हे मला परक्यानं सांगावं.

मी पुढं झालो. "साहेब, माझंबी कोरा."

डॉक्टरनं माझा कान बघितला, पू टिपला, नाक मुरडलं. मंग कान तपासायचा पोलादाचा दुबेळका चिमटा घेऊन माझ्या कानासमोर धरला. "सुनाई देता?"

मला काही ऐकू येत न्हवतं. पण धाकला बघत होता. मी म्हणलो, "येतं की. बराबर येतं."

"कैसा आता है?"

"घंटीवाणी."

डॉक्टर हसत सुटला. धाकल्यानं तोंडावर हात धरला. बायको पाठमोरी, पण तिचे खांदे हलत होते. धाकलाच माझ्या कानाशी ओरडला, "दादा, वाजवलाच न्हाई अजून त्यो!"

डॉक्टरनं तो चिमटा आता गुडघ्यावर हाणला अन त्याचं बूड माझ्या कानामागच्या हाडावर टेकवलं. तेव्हा मी हादरलो. डोक्यात गांधीलमाशा उठल्यावाणी गुणगुण झाली, स्वच्छ, अशी की वरसा-वरसात मला काही इतकं स्वच्छ ऐकू आलं न्हवतं.

"अब सच बोला," तो माझा चेहरा बघूनच म्हणाला, अन मोठ्यानं सांगायला लागला. "आतली नस चांगली. हाडातनं आवाज जातो. पडद्याची वाट पुवानं बुजली, तेवढंच. हाड कोरायचं न्हाई, सडलेलंच न्हाई तर कोरू काय? कान वाळव. रोज. वाळला तर थोडं ऐकू येईल, वादा न्हाई."

"त्याचं कोरलं," मी म्हणलो, "मी थोरला हाय."

"अरे, ही काय शेताची वाटणी आहे, दोघा भावांना बराबर? घरात एवढा हुन्नर आहे, बस तिच्यापुढं!"

माझं तोंड पाडलं त्यानं. बसू कसा? दीर बसला ते चाललं. नवऱ्यानं बायकोपुढं दिवसाउजेडी मान वाकवून बसायचं, आबा ओट्यावर असताना? रात्री बसावं तर दिव्यावर कानात काडी घालायची न्हाई. अन दुसरं म्हणजे तो हात भावाच्या कानातनं माझ्या कानाकडं यायचा. मी डॉक्टरला म्हणलो, "मला न्हाई जमायचं," अन बाहेर आलो.

परतताना धाकला गाडी हाकत होता, ती त्याच्या मागं, मी शेवटी पाय सोडून बसलेलो. अंबडच्या अलीकडं ती त्याच्या पाठीशी काहीतरी बोलली. तो वळला.

"दादा, वैनी म्हणत्यात..."

"तू सांगू नको," मी ओरडलो. "तुझ्या तोंडानं मला एक शबुद नको. तिला तोंड हाय ना? बोल म्हणावं मोठ्यानं!"

आजूबाजूला तुरीची रानं, माणूस न्हाई. ती गाडीत गुडघ्यावर उभी राहिली, पदर मागं पडला, अन सगळ्या रानाला ऐकू जाईल अशी ओरडली:

"आबांपुढं बसायची लाज वाटती, अन डागदरापुढं खोटं बोलायची न्हाई वाटली?"

धाकला बैलांच्या पाठीवर वाकून हसत होता. मला मात्र हसू आलं न्हाई, अन रागही आला न्हाई. लग्न झाल्यापासून तिचं पुरं वाक्य मी पहिल्यांदा तिच्याच तोंडून ऐकलं होतं. ते धाकल्याच्या हातनं न येता थेट मला आलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा ओट्यावर तंबाखू मळत होते, माय तुळशीपाशी होती. धाकल्यानं पाट टाकला. मी तो त्याच्या पायाखालून ओढला अन अंगणात उन्हात मांडला.

"काडी आण," मी घरात बघून म्हणलो. माझा आवाज मोठाच असतो.

आबांची बोटं थांबली. त्यांनी माझ्याकडं बघितलं, घरातल्या दाराकडं बघितलं, अन खोकत उठून गोठ्याकडं गेले. माय तुळशीला पाणी घालतच राहिली, सांडस्तोवर. बायको दारात आली, थबकली, मंग डोक्यावरचा पदर घट्ट करून माझ्यामागं गुडघे टेकून बसली.

मी पाट असा फिरवून घेतला की धाकल्याला नुसती आमची पाठ दिसावी.

तिनं काडी फिरवायला सुरुवात केली. हात हलू नये म्हणून तिनं हनुवटी माझ्या कानामागच्या हाडाला टेकवली, अन तशीच हळू बोलली. ते हाडातनं माझ्या डोक्यात उतरलं, दुसऱ्या कुणाच्या तोंडून न येता.

"दुखतं का?"

दुखत होतं. मी "न्हाई" म्हणलो, अन तो कान झाल्यावर दुसराही तिच्याकडं फिरवला.