शिडीवाल्याची चाल

नकुशी कोळपे मूळची खुटबावची. आधीच्या तीन मुली होत्या म्हणून वडिलांनी चौथीचं नाव नकुशी ठेवलं. पाचवीही मुलगीच झाली, तेव्हा त्यांनी नाद सोडला आणि तिचं नाव हर्षदा ठेवलं. नकुशीनं याबद्दल कधी तक्रार केली नाही. ती शिवणकाम शिकली, लग्न होऊन यवतला आली आणि नवऱ्याच्या गाळ्यात मशीन टाकून बसली.

गाळा हायवेला लागून, एसटी थांब्याच्या अलीकडे होता. १९९४ साली नवऱ्यानं, म्हणजे शंभूनं, पुण्याहून व्हिडिओ गेमचा सेट आणला. त्याच्यावर ‘जंबो’ असं लिहिलेलं होतं. टीव्ही आतल्या भिंतीला लावला आणि गावातल्या पोरांना अर्ध्या तासाच्या भाड्यानं खेळू द्यायला लागला. नकुशीला उजेड लागायचा, म्हणून तिचं मशीन दाराशी, तोंड रस्त्याकडं. त्यामुळं पुढची नऊ वर्षं टीव्ही तिच्या पाठीमागं चालला आणि तिनं तो एकदाही वळून पाहिला नाही. पाहण्यासारखं काही असेल असं तिला वाटलं नाही.

ऐकू मात्र यायचं. सगळ्यात जास्त चालायचा तो शिडीवाल्याचा गेम. एक माणूस शिडी घेऊन विहिरीत उतरतो, तळातली किल्ली घेऊन वर येतो आणि पुढच्या विहिरीत उतरतो. तो उतरताना एक चाल वाजायची, चढताना दुसरी. नकुशीचा पाय पायडलवर त्याच चालीनं पडायला लागला. शिडीवाला तिसऱ्या विहिरीच्या तळाशी पोचेपर्यंत ब्लाउजच्या अस्तराची एक बाजू जोडून व्हायची. त्यावरून ती मान न वळवता सांगायची, “धम्मदीप, तुझा अर्धा तास झाला. ऊठ.” धम्मदीप गायकवाड हायवेपलीकडच्या वस्तीतला. तो घड्याळ बघायचा आणि उठायचा.

२००३ साली एका दुपारी विजेचा दाब वाढला आणि सेट जळाला. पोरंही तोवर कॉम्प्युटरकडं वळली होती. शंभूनं सेट भंगारात दिला आणि टीव्हीच्या जागी झेरॉक्स मशीन आणलं. त्या आठवड्यात नकुशीनं चार ब्लाउजांच्या बाह्या उलट्या लावल्या. कारण तिलाही सांगता आलं नाही. बायकांनी उसवून पुन्हा लावून घेतल्या.

पुढं २००७ साली पुण्यातल्या एका कंपनीनं जंबो पुन्हा बाजारात आणला. खोक्यावर छापलं होतं, ‘तोच जुना, असली जंबो.’ धम्मदीप तोवर दौंडहून आयटीआय करून रांजणगावच्या एका कारखान्यात लागला होता. तिथं तो सर्किट तपासायचा. त्यानं पहिल्याच आठवड्यात सेट घेतला आणि सुट्टीच्या दिवशी तो गाळ्यात घेऊन आला. शंभूनं घरातला टीव्ही आणून झेरॉक्स मशीनवर ठेवला.

धम्मदीपला सेट हातात घेतल्यापासून पटला नव्हता. रिमोट हलका होता. लाल बटण लाल नव्हतं, किरमिजी होतं. कॅसेट पहिल्या फटक्यात चालायची, फुंकावी लागत नव्हती. हे त्यानं शंभूला गंभीरपणे दाखवलं. शंभूनं बटण डोळ्याजवळ नेलं आणि म्हणाला, “व्हय, किरमिजीच हाय.”

धम्मदीपनं शिडीवाला लावला. नकुशी दाराशी पेटीकोटला टीप मारत होती. तिचा पाय चालीला लागला, आणि थोड्या वेळानं दोरा तुटला. तिनं तो ओवला. पुन्हा तुटला.

“धम्मदीप, कुठला गेम लावलाय?”

“शिडीवाला, काकू.”

“न्हाई.”

“तोच हाय. बघा की वळून.”

“बघायचं कशाला? ह्यो पळतोय. माझा पाय बी पळवतोय.”

धम्मदीपनं नकुशीला अस्तराची एक बाजू जोडायला सांगितली आणि शेजारी गेम चालू ठेवला. ती मुंढ्यापर्यंत, म्हणजे बाही जोडतात तिथवर, पोचायच्या आत शिडीवाला तिसऱ्या विहिरीतून वर आला होता. त्यांनी हे तीन वेळा केलं. तिन्ही वेळा तसंच झालं. पुढं ती ऐकत गेली आणि सांगत गेली, धम्मदीप लिहीत गेला. माणूस मेल्यावर थांबायला हवं तेवढं थांबत नाही. किल्ली उचलल्याचा आवाज आखूड आहे. चढायची चाल उतरायच्या चालीइतकीच जोरात वाजते, ती दमलेली वाजायला पाहिजे.

धम्मदीपनं कंपनीला पत्र पाठवलं. त्यात अकरा चुका होत्या. पहिल्या पाच त्याच्या, बाकीच्या नकुशीच्या. खाली त्यानं लिहिलं, ‘वरील सेटला असली म्हणू नये, ही विनंती.’

उत्तर येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. महिन्याभरानं कंपनीचा माणूसच आला. सावळे नाव, पुण्याचा, मोटारसायकलवर. दौंडला एका दुकानदाराकडं निघाला होता, वाटेत थांबला. पत्रावर गाळ्याचा पत्ता होता, म्हणून त्याला वाटलं होतं की धम्मदीप कोळपे टेलर्समध्ये नोकरीला आहे. खरं काय ते कळल्यावर तो स्टुलावर बसला आणि पत्र काढून नकुशीला समजावू लागला.

“काकू, तुमचं बरोबर आहे. नवा सेट फास्ट आहे. पण चूक नव्याची नाही, जुन्याची होती. हा गेम मूळ जपानचा. जुना जंबो म्हणजे त्याची नक्कल. त्यातली चिप आपल्याकडच्या टीव्हीवर सावकाश चालायची. जपानमधली माणसं ह्याच स्पीडनं खेळायची.”

नकुशीनं दोरा दातानं तोडला. “म्हंजी पहिला खोटा व्हता?”

“टेक्निकली, हो.”

“आन् ह्यो खरा?”

“हा खऱ्यासारखा.”

नकुशीनं सुईत दोरा ओवला. “मग त्या खोट्यासारखा करून द्या.”

सावळेनं ते डायरीत लिहून घेतलं. मग म्हणाला की माल चीनमधून येतो, कंटेनर येऊन पडलाय, आता बदल होणार नाही. जाताना त्यानं बायकोच्या ब्लाउजचं कापड टाकलं तर किती दिवसांत मिळेल ते विचारलं. नकुशी म्हणाली, आठ दिवसांत.

धम्मदीप मात्र जुन्या जंबोच्या मागं लागला. यवत, दौंड, शिरूर, जिथं जाईल तिथं दुकानदारांना विचारायचा. शेवटी तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात जुन्या रेडिओंच्या ढिगात त्याला एक सापडला. तीच चिप, लाल बटण लालच. त्यानं तो घरी दुरुस्त केला, गाळ्यात आणून लावला आणि कॅसेटला मन लावून फुंकर मारली. शिडीवाला पहिल्या विहिरीत उतरला.

नकुशी बराच वेळ टीप मारत राहिली. दोरा तुटला नाही.

“चाल बरोबर हाय,” ती म्हणाली. “पर एक आवाज जास्त हाय.”

“काकू, आता ह्यो तरी असलीच हाय. मी खोलून बघितलाय.”

“आसंल. पर चढताना मागून जे घुमतंय, ते आपल्यात नव्हतं.”

धम्मदीप खाली बसला. तेव्हा झेरॉक्सच्या मागून शंभू बोलला. तो फार बोलणाऱ्यातला नव्हता.

“ती म्हणतीय ते खरं हाय. आपला सेट पडला व्हता.”

नकुशी पहिल्यांदा वळली. “कवा?”

“आणला त्याच दिवशी. उरळीला जीपच्या टपावरनं. तू म्हणाली व्हतीस मांडीवर घेऊन बसा. मी टपावर टाकला. आत एक वायर तुटली व्हती. मी कथलाचा डाग दिला, पर ती बसली न्हाई. चालतंय म्हणून तसाच ठेवला.”

“आन् मला सांगितलं न्हाई.”

“तू विचारलं न्हाईस.”

“मला काय ठाव, विचारायचं काय ते?”

शंभू झेरॉक्सचे कागद सारखे करू लागला. नकुशी म्हणाली, “तरीच चढताना दमल्यावानी वाजायचं.” ती रागावली होती की नाही ते शंभूला दोन दिवस कळलं नाही. तिसऱ्या दिवशी तिनं त्याच्या शर्टाचं तुटलेलं बटण न सांगता लावलं.

धम्मदीपनं सेट उघडला. शंभूनं बोट ठेवलं तिथली वायर त्यानं कापली. कारखान्यातल्या लोकांना कधी सांगू नका, असं तो दोघांना म्हणाला, कारण चालू सर्किट मुद्दाम बिघडवलं असं त्याच्या हातून आजवर झालं नव्हतं. गेम पुन्हा लावला. चढायची चाल बारीक झाली. नकुशीनं हातातला पेटीकोट बाजूला ठेवला आणि अडलेलं एक ब्लाउज हातात घेतलं.

कंपनीचा सेट पुढच्या दिवाळीआधीच बंद झाला. सावळे मोबाइलच्या धंद्यात गेला, पण ब्लाउजं यवतलाच शिवून न्यायचा. जुना जंबो गाळ्यात राहिला. कुणी खेळलं नाही तरी त्यात शिडीवाला आपोआप चालू राहायचा, विहिरी उतरायचा आणि चढायचा. गिऱ्हाइकं विचारायची, हे कशाला चालू ठेवलंय? शंभू सांगायचा, तिला लागतंय.

एकदा धम्मदीपनं आग्रह करून रिमोट नकुशीच्या हातात दिला. ती टीव्हीसमोर पाट घेऊन बसली. शिडीवाला पहिल्याच विहिरीत पडून मेला. तिनं थोडा वेळ पडद्यावरचा माणूस पाहिला. मिशा होत्या त्याला.

“एवढासाच हाय व्हय,” ती म्हणाली, आणि रिमोट परत देऊन मशीनवर जाऊन बसली.