बिरप्पाची हाळी

सांगोल्याच्या माळावर बिरप्पाची हाळी सगळे ओळखत. जीभ टाळूशी थरथरवून तो 'हुर्र्र' करायचा आणि दोनशे मेंढरं माना वर काढायची. मग तंबाखूनं त्या जिभेवर गाठ आणली. एकोणीसशे चौतीसच्या उन्हाळ्यात सोलापूरच्या दवाखान्यात अर्धी जीभ कापून काढली. जीव राहिला, हाळी गेली.

निघताना नर्सबाईंनी बजावलं होतं, "पातळ काही घेऊ नका. घट्ट घ्या, हनुवटी छातीला लावून गिळा. आणि रोज मोठ्यानं क, ग, घ म्हणा, घशातून."

पण दुखणेकऱ्याला पातळच द्यायचं, ही धनगरांची जुनी रीत. बायको कस्तुराबाई मायेनं ताक पाजी. ताक श्वासात जाई, ठसक्यानं डोळे पांढरे होत. एके दिवशी बिरप्पानं तांब्याच भिरकावला.

"अवं, मी काय इख देती व्हय?" ती रडली.

त्यानं मडक्याच्या तळाची घट्ट आंबील बोटानं खरवडली, मान खाली घातली आणि गिळली. ठसका लागला नाही. राग मात्र गेला नाही. तो तोंड उघडी, तोवर धाकटा भाऊ येडू म्हणे, "दादाला पानी पायजे." त्याला पाणी नको असे.

"दादा, आता घोंगडीवर बस की," येडू म्हणाला. "मुक्यामागं मेंढरू येत न्हाय. कळप मी राखतो."

ते वाक्य बिरप्पाच्या काळजात कुसळासारखं रुतलं. माणसांपुढं घोगरा आवाज काढायची लाज वाटे, म्हणून तो पहाटे मेंढरांच्या वाडग्यात जाऊन घसा फोडी. येडूला द्यायच्या शिव्याही त्यानं ग आणि घच्याच निवडल्या. शिव्या संपल्या की वाडग्याची झाप उघडी, मेंढरं चरायला सुटत.

दोन महिन्यांनी ओढ्यावर महिपती धनगराचा कळप बिरप्पाच्या कळपात मिसळला. असं झालं की दोघांनी दोन काठांवरून हाळी द्यायची. जनावरं आपापल्या धन्याकडं जातात. येडू ऐटीत पुढं झाला. "हुर्र्र!"

मेंढरांनी पाहिलं, पुन्हा पाण्यात तोंडं घातली. चार तर महिपतीकडं वळली.

"आरं येडू," महिपती पलीकडून हसला, "हाळी हाय का म्हशीची जांभई?"

बिरप्पानं येडूला कोपरानं बाजूला सारलं. पोटातला सगळा जाळ त्यानं घशात आणला.

"ग्घा! ग्घा!"

ढवळी मेंढी आधी वळली. तिच्यामागं सगळा कळप पाणी सोडून त्याच्या पायांशी आला.

"दादा, मी म्हनलं तुला तरास नको—"

बिरप्पानं हात वर केला. हनुवटी छातीला टेकवली, तोंडातली लाळ सावकाश गिळली. शब्द पुरवायला येडूचे ओठ हलले. बिरप्पाची नजर पाहून मिटले.

बिरप्पानं खांद्यावरची घोंगडी काढून त्याच्या अंगावर फेकली.

"घे," तो म्हणाला. "बघ... बसून."