व्हर्नेलचा ऑक्टोबर

व्हर्नेल बॉइस लाटेवर उभी राहायला शिकली, तेव्हा बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या आमच्या बाथशेबा गावात दुसरी एकही मुलगी सर्फिंगची फळी घेऊन पाण्यात उतरत नव्हती. कुणा पाहुण्याने मोडली म्हणून टाकलेली फळी तिच्या बापाने, एल्सवर्थने, राळ लावून सांधली आणि हिच्या हातात दिली. तो उडते मासे धरायला जाई. पुढे साखरेच्या आजारापायी त्याचा एक पाय गुडघ्याखाली कापावा लागला. आई आधीच गेलेली. व्हर्नेल घरात अडकली ती अडकलीच. तेव्हा पंचविशीची होती, आता चाळिशी उलटली.

माझं रमचं दुकान त्यांच्या घराला लागून आहे. मला सगळं दिसतं आणि बरंचसं ऐकूही येतं.

आमचा समुद्र वर्षभर गरजत असतो, पण फळीवाल्यांच्या कामाचे दिवस थोडेच. नाताळात पूर्वेचा वारा जोर धरतो, तो जूनपर्यंत हटत नाही. लाटा येतात, पण फाटलेल्या, विस्कटलेल्या. सप्टेंबरपासून लांबच्या वादळांची लाट पोचायला लागते आणि ऑक्टोबरात कधीतरी वारा अगदी पडतो. मग खडकापलीकडे लाटा अशा उभ्या राहतात की माझ्यासारखी न पोहणारी बाईसुद्धा हातातलं काम टाकून बघते.

"व्हर्नेल, वारा कुठचा?" एल्सवर्थ रोज सकाळी खाटेवरून विचारायचा.

"पूर्वेचाच, डॅडी."

वारा पडलेला असला तरी ती हेच सांगायची. मग त्याची जखम धुवायची, त्याला इंजेक्शन द्यायची आणि कोंबड्यांना दाणे टाकायची. खिडकीकडे पाठ करून.

गेल्या ऑक्टोबरात एका सकाळी ती फळी काखेत घेऊन माझ्या दारात आली.

"गिटन्सबाई, थोडा वेळ लक्ष ठेवाल? झोपलेत. दाराला बाहेरून कडी घातलीय, नाहीतर कुबडी घेऊन निघतात आणि पडतात."

"जा," मी म्हटलं. "मी कुठे जातेय?"

ती गेली. थोड्या वेळाने भिंतीपलीकडून कुबडी आपटल्याचा आवाज आला. मी त्यांच्या खिडकीशी गेले. एल्सवर्थ फरशीवर बसला होता.

"गिटन्स, दार उघड."

"व्हर्नेल रागावेल."

"दार माझं आहे. उघड."

मी कडी काढली. तो सरकत सरकत उंबऱ्यावर येऊन बसला आणि समुद्राकडे बघायला लागला. लेकीला लाटेवर बघून त्याला किती वर्षं झाली होती, देव जाणे. ती एक लाट घ्यायची, परत आत जायची, पुन्हा घ्यायची. परतायचं नाव नव्हतं.

"मागच्या पायावर फार जोर देते," तो म्हणाला. "पूर्वीपासून."

ऊन चढल्यावर ती लंगडत वर आली. टाचेत खडकावरच्या समुद्री साळूचे काटे मोडले होते. बाप उंबऱ्यावर दिसला तशी ती जागीच थांबली.

"वारा कुठचा?" त्याने विचारलं.

"पूर्वेचा," ती सवयीने बोलून गेली.

"मी चाळीस वर्षं होडीत काढली, पोरी. वारा पडलेला मला अंथरुणात कळतो. तू खोटं सांगायचीस आणि मी ऐकून घ्यायचो. सोय माझी होत होती ना."

"तसं काही नाही, डॅडी."

"तसंच आहे. मी मुरियलकडे जातो."

मुरियल म्हणजे त्याची बहीण, ब्रिजटाउनला राहते. व्हर्नेल रडली, भांडली. "लोक म्हणतील, बापाला टाकलं."

"लोकांना मी कधी आवडलो? कुणी काही बोलणार नाही. मुरियलकडे पायऱ्या नाहीत आणि टीव्ही मोठा आहे."

रविवारी तो गेला. नोव्हेंबरभर व्हर्नेल पाण्यातच होती. खांदे उन्हाने काळेकुट्ट झाले, आवाज मोठा झाला. पश्चिम किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात पाहुण्यांना फळी शिकवायचं काम मिळालं, वर राहायला खोलीही. तिने हो म्हणून टाकलं.

निघायच्या दिवशी वारा सुटला होता. हॉटेलची व्हॅन येऊन हॉर्न वाजवत होती. व्हर्नेल पायरीवर बसून होती, बॅग शेजारी. मी जवळ गेले.

"घर बंद राहिलं तर खारी हवा खाऊन टाकेल," ती म्हणाली.

"बाप म्हणाला ना, विकून टाक म्हणून?"

"हो."

"मग?"

तिने ड्रायव्हरला हात हलवून जायला सांगितलं. तो शिव्या घालत गेला. वाऱ्याने तिच्या डोक्याच्या रुमालाचं टोक तोंडावर येत होतं, ते बाजूला करायचंही तिला सुचत नव्हतं.

"डॅडी होते तेव्हा वाटायचं, हे नसते तर मी कुठल्या कुठे गेले असते," ती म्हणाली. "आता कुणाचं नाव घेऊ, गिटन्सबाई?"

मी तिला आत नेऊन मासा घातलेला पाव दिला. अर्धा खाल्ला तिने.

आता फेब्रुवारी आहे. खिडक्या दिवसभर खडखडतात, पाण्यात चिटपाखरू नाही. हॉटेलने दुसरा माणूस घेतला. व्हर्नेल रविवारी बसने ब्रिजटाउनला जाते, बापासाठी भाजलेला नीरफणस नेते. मुरियल दर वेळी म्हणते, राहा दोन दिवस. ही राहत नाही. संध्याकाळच्या बसने परत येते आणि आतून कडी लावून घेते.