सातची गोळी आणि माझी स्वाक्षरी

शस्त्रक्रियेपासूनचे दिवस मोजून लिहितो. नववा दिवस: घरी सोडताना औषधांची माहिती देणाऱ्या समुपदेशक बाई. एकविसावा आणि पस्तिसावा दिवस: रक्त घेणारा प्रयोगशाळेचा कर्मचारी. त्या दोन्ही अहवालांवरून औषधाची मात्रा कमी करणारे तज्ज्ञ डॉक्टर. त्रेपन्नावा दिवस: शरीराने नवे मूत्रपिंड नाकारल्याचे निदान. जबाबदार इसम एकूण चार. चौथ्याचे नाव यथाक्रम येईल.

रुग्ण माझा मुलगा नितीन, वय चौतीस, चाकणच्या एका कारखान्यात प्रेस शॉपमध्ये कामाला. मूत्रपिंड त्याच्या आईचे. मी चिंचवडच्या एका कंपनीच्या टाइम ऑफिसमधून निवृत्त झालो. हजेरीपटावर उशिराचा लाल शेरा मारणे आणि प्रसंगी कामगार न्यायालयात तो शाबीत करणे, यात माझी हयात गेली.

नवव्या दिवशी नितीन व्हीलचेअरवर लिफ्टसमोर बसला होता. समुपदेशक बाईंनी माझ्या हातात एक इंग्रजी पुस्तिका दिली. म्हणाल्या, "काका, सगळं यात आहे. टॅक्रोलिमसचं टायमिंग तेवढं चुकवू नका. सकाळी सात, संध्याकाळी सात. इथे सही करा." टॅक्रोलिमस म्हणजे परक्या अवयवावर शरीराने हल्ला करू नये यासाठीची गोळी. ती बारा तासांच्या अंतराने जन्मभर घ्यावी लागते. लिफ्ट आली. 'माहिती मिळाली व समजली' या छापील वाक्याखाली मी स्वाक्षरी केली.

वेळ पाळायची म्हणजे काय, हे मला कोणी शिकवायला नको होते. मी भिंतीवर तक्ता लावला, फोनवर गजर लावला. सातला दोन मिनिटे असताना गोळी तळहातावर आणि पाण्याचा पेला समोर. नितीन हसायचा. "बाबा, तुमच्यापेक्षा कंपनीचा भोंगा बरा. तो निदान रविवारी गप्प असतो." त्याची आई पोटाचे टाके सांभाळत हसायची.

एकविसाव्या दिवशी रक्तातील टॅक्रोलिमसची पातळी तपासायची होती. सातला गोळी दिली, रिक्षाने रुग्णालय गाठले, नऊला रक्त दिले. पातळी जास्त आली. डॉक्टर म्हणाले, "डोस कमी करू." पस्तिसाव्या दिवशी तेच घडले. मात्रा आणखी कमी झाली. त्यानंतर नितीनचे पाय सुजू लागले, लघवी कमी झाली. त्रेपन्नाव्या दिवशी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाने बाहेर टाकायचा रक्तातील घटक, झपाट्याने वाढलेला दिसला. बायोप्सी केली, सुईने मूत्रपिंडाचा बारीक तुकडा काढून तपासतात, ती.

वॉर्डात एका तरुण निवासी डॉक्टरने फाईल चाळत विचारले, "लेव्हलच्या दिवशी सकाळची गोळी किती वाजता घेत होता?"

मी अभिमानाने सांगितले, "बरोबर सातला. एक मिनिट इकडेतिकडे नाही."

"रक्त द्यायच्या आधी?"

"अर्थात."

त्याने फाईल मिटली. "काका, त्या दिवशी आधी रक्त द्यायचं असतं. गोळी नंतर. ताज्या गोळीने आकडा फुगतो. औषध जास्त झालं नव्हतं. आपण कमी केलं ते."

नितीन जागा होता. त्याने माझ्याकडे पाहिले नाही, छताकडे पाहत राहिला. मला दोष देण्याची ती संधी त्याने आजतागायत घेतलेली नाही. घेतली असती तर बरे झाले असते.

इंजेक्शने झाली, उपयोग झाला नाही. आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस. फोनवरचा सातचा गजर मी अद्याप बंद केलेला नाही. तो वाजला की माझा हात आपोआप पेल्याकडे जातो.

चौथा इसम मी.

ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे, त्यांनी माझ्या चुकीवरून एवढे ध्यानात ठेवावे: पातळी तपासायच्या सकाळी गोळी सोबत न्यावी, रक्त दिल्यावर लगेच घ्यावी. विचारल्याशिवाय कसलीही स्वाक्षरी करू नये.

रुग्णालयाला मी सहा पत्रे पाठवली. एकच उत्तर आले: नातेवाइकांनी माहिती समजल्याची स्वाक्षरी केलेली आहे. ती स्वाक्षरी मी नाकारत नाही. परंतु पुस्तिकेतील 'आधी रक्त, मग गोळी' हे इंग्रजी वाक्य नवव्या दिवशी कोणी वाचून दाखवले? एकविसाव्या दिवशी रक्त घेताना "गोळी घेतली का?" हे तीन शब्द कोणी उच्चारले? आकडा पाहून मात्रा कमी करताना तरी?

परवा पत्नीने मला विचारले, "अहो, माझं मूत्रपिंड त्याच्या पोटात अजून आहे ना?"

"आहे."

"मग ते बंद का पडलं? माझं तर काही वाईट नव्हतं."



माझी मागणी अशी. रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांनी प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांची व नातेवाइकांची सभा बोलवावी आणि बाह्यरुग्ण विभागाच्या ज्या दालनात रक्त घेतले त्याच दालनात, सर्वांसमक्ष, मराठीत उत्तर द्यावे. माझ्या वाट्याचे उत्तर मी तिथेच उभा राहून आधी देईन. पत्नी पहिल्या रांगेत बसलेली असेल. तिचा प्रश्न तुम्ही वर वाचलाच आहे.