पंच्याऐंशीची लेन्स

वडीगोद्रीच्या तातेरावांना भांडल्याशिवाय चहा गोड लागत नाही, हे त्यांच्या तोंडावर सांगायची हिंमत फक्त गिरिजाबाईंत होती, आणि त्या बायको असल्यामुळे तातेराव ते मनावर घेत नसत. हायवेला लागून त्यांचा फोटो स्टुडिओ. तीस-बत्तीस वर्षांत अंबड आणि घनसावंगी तालुक्यांतली किती लग्नं त्यांनी काढली, त्याचा हिशोब त्यांनाही सांगता आला नसता. माणूस कामाचा पक्का, तोंडाचा फाटका. नवरीच्या बापाला भर मांडवात झापायचे, भटजींना 'महाराज, सरका जरा, नवरी झाकून राह्यली' म्हणून दटावायचे, आणि तरीही धाकट्या पोरीच्या लग्नाला त्याच घरातून पुन्हा बोलावणं यायचं.

भांडायला त्यांना समोर माणूसच लागायचा असंही नाही. गेली चार-पाच वर्षं त्यांचा सगळ्यात मोठा दुश्मन होती एक कॅमेरा कंपनी, दूर कुठेतरी परदेशात बसलेली, जिला वडीगोद्री नावाचं गाव आहे हे माहीत असण्याचं काही कारण नव्हतं. या कंपनीने आरशाचे कॅमेरे बनवायचं बंद केलं होतं. आरशाच्या कॅमेऱ्याला डोळा लावला की समोरचा माणूस थेट काचेतून दिसतो. नव्या मिररलेस कॅमेऱ्यात आरसा नाही, आत एक इवलासा टीव्ही असतो आणि त्यात चित्र दिसतं. एवढ्यावर भागलं असतं तर तातेरावांनी चार शिव्या देऊन सोडून दिलं असतं. पण कंपनीने लेन्स बसवायचं तोंडही बदललं. नवी लेन्स जुन्या कॅमेऱ्यावर बसेना.

हे काय झालं ते बाहेरच्याला कळायचं नाही. या भागातले झाडून सगळे फोटोग्राफर एकाच कंपनीचा कॅमेरा वापरत. लग्नाची दाट तिथी असली की इथली लेन्स कुंभार पिंपळगावला जायची, तिथली बॅटरी इकडे यायची. मागितली की द्यायची, असा रिवाज होता. आता निम्म्यांनी नवे कॅमेरे घेतले आणि त्यांच्या लेन्सा बाकीच्यांना निरुपयोगी झाल्या. "एक गोल बदलला भाडखाऊंनी," तातेराव म्हणायचे, "आन् आमचं येणंजाणं बंद पाडलं."

हे ते म्हणायचे अमावस्येला. अमावस्येला लग्न नसतं, म्हणून फोटोग्राफर मोकळा असतो. दर अमावस्येच्या दुपारी सगळे वसंताच्या स्टुडिओत जमत. वसंता तातेरावांच्या बरोबरीचा, व्हिडिओवाला, स्वभावाने इतका गरीब की त्याच्याशी भांडण जमायचंच नाही. भांडण जमायचं ते पिंपळगावच्या सोमेश्वरशी. हा पस्तिशीतला, सगळ्यांच्या आधी मिररलेस घेतलेला, आणि लोकांनी टाकून दिलेल्या जुन्या लेन्सा विकायचा जोडधंदा करणारा.

"कंपनीनं काय तुमच्यासाठी कारखाना चालू ठेवायचा का, तात्या?" सोमेश्वर म्हणायचा. "नवीन कॅमेरा नवरीचा डोळा आपोआप धरतो. डोळ्यावर चौकट येती, बटण दाबायचं, संपलं."

"डोळा मशीन धरती तर मंग तू कशाला जातो लग्नात? जेवायला?"

सगळे हसायचे. तातेराव फोकस हाताने करत. कॅमेऱ्यात ऑटोफोकस होता, फोकस जमला की खाली हिरवा ठिपकाही लागायचा, पण त्या ठिपक्याकडे बघणं ते कमीपणाचं मानत. मशीनला काय कळतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा उजवा डोळा काचेला लागला आणि डाव्या हाताची दोन बोटं लेन्सच्या कड्यावर फिरली की नवरीच्या पापणीचा केस न् केस मोजून घ्या, अशी त्यांची ख्याती होती. या ख्यातीवरच त्यांचं घर चाललं होतं.

गेल्या उन्हाळ्यात त्यांची जुनी पंच्याऐंशीची, म्हणजे पंच्याऐंशी मिलिमीटरची, लेन्स पडून फुटली. चेहऱ्याच्या फोटोला हीच लेन्स लागते. नाक रेखीव येतं, मागचा मांडव विरघळून जातो, मात्र फोकस केसभर चुकला की डोळ्याऐवजी कान स्पष्ट येतो. नवीन मिळेना, म्हणून तोंड वाकडं करत त्यांनी सोमेश्वरकडून तशीच वापरलेली घेतली. आणि तुळशीच्या लग्नानंतर सीझन सुरू झाला तसे फोटो बिघडायला लागले. पहिल्या लग्नात नवरी धूसर. दुसऱ्यात नवरा धूसर. तिसऱ्यात दोघंही धूसर आणि मागच्या मांडवाचा खांब लख्ख. नवरीच्या भावाने फोनवर विचारलं, "काका, खांबाचं लग्न होतं का?"

तातेरावांनी एका शब्दात निकाल लावला: लेन्स खराब आहे. संभाजीनगरच्या कारागिराने तपासून सांगितलं, काही बिघाड नाही. तातेरावांनी त्यालाही चोरात जमा केलं. मग ते दिसेल त्याला सांगत सुटले, सोमेश्वर फसवतो, खराब माल गळ्यात मारतो. बोलणं पसरलं. दोघा-तिघांनी सोमेश्वरकडून घेतलेल्या लेन्सा परत आणून टाकल्या. मंठ्याचा एक घेणार होता, तो फिरकलाच नाही.

आता खरं सांगायचं तर तातेरावांना माहीत होतं. कार्तिकातल्या एका सकाळी दाढी करताना डाव्या डोळ्यात साबण गेला, त्यांनी तो मिटला, आणि आरशातला माणूस गायब झाला. आरसा वाफेने भरल्यासारखा. त्यांनी तो पुसला. पुन्हा पुसला. मग डावा डोळा उघडला तर आरसा स्वच्छच होता. मोटारसायकलवर समोरून गाडी आली की तिच्या दिव्याचा उजव्या डोळ्यात नुसता पिंजलेला कापूस होत होता, तोही त्यांनी धुळीवर ढकलला होता. "जालन्याला जाऊन दाखवून या," गिरिजाबाई म्हणाल्या. "दाखवतो," ते म्हणाले आणि गेले नाहीत.

का नाही गेले? डॉक्टरची भीती नव्हती. या धंद्यात फोटोग्राफरच्या डोळ्याला पट्टी बांधलेली एकदा कुणी पाहिली की पुढचं सगळं बिनबोभाट होतं. कुणी वाईट बोलत नाही, फक्त तारीख द्यायला येत नाही. माघापासून त्यांच्याकडे अकरा लग्नं होती. म्हणून लेन्स खराब निघायलाच हवी होती. ती चांगली निघाली तर मग खराब काय, याचं उत्तर एकच उरत होतं.

पौषातल्या अमावस्येला सोमेश्वर वसंताच्या स्टुडिओत आला तो चप्पल न काढताच.

"तात्या, आज निकाल लावायचा. आणली का लेन्स?"

"आणली. तुझ्या तोंडावर मारायला आणली."

"मारा. पण आधी सगळ्यांसमोर टेस्ट करा. चांगली निघाली तर माझं नाव तुम्ही खराब केलं, हे याच लोकांसमोर कबूल करायचं."

"आन् खराब निघाली तर?"

"तर आजपासून धंदा बंद. पुन्हा लेन्स विकली तर बापाची औलाद न्हाई मी."

वसंताने 'अरे चहा घ्या आधी' म्हणून पाहिलं, पण चहा घेण्याच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं. भिंतीला वर्तमानपत्राचं पान चिकटवलं. समोर तिकाटणं, त्यावर तातेरावांचा कॅमेरा, त्याला ती लेन्स. सोमेश्वर म्हणाला, ऑटोफोकस लावा. तातेराव उसळले. "मशीनची साक्ष मला बिलकुल नको. मी हातानं करणार. तीस वर्षं करून राह्यलो."

त्यांनी डोळा लावला.  काचेत त्यांना पान दिसत होतं, म्हणजे पांढऱ्यावर काळं काहीतरी आहे एवढं दिसत होतं. बोटं सवयीने कड्यावर फिरली. कुठे थांबायचं ते बोटांनीच अंदाजाने ठरवलं. पाच फोटो त्यांनी खाडखाड काढले. मनात एकच धावा चालला होता, धूसर येऊ दे.

वसंताने फोटो कॉम्प्युटरवर उघडले. पाचही धूसर. मथळासुद्धा वाचता येईना.

"पाहा!" तातेराव ओरडले. "पाहा रे सगळ्यांनी! हा माल इकून राह्यला हा!"

सोमेश्वरचा चेहरा उतरला. तो पडद्याजवळ गेला, पुन्हा मागे आला. तातेरावांना वाटलं, जिंकलो. छाती हलकी झाली. त्या अकरा तारखा परत हातात आल्यासारख्या झाल्या.

तेवढ्यात ज्योत्स्ना उठली. ज्योत्स्ना आणि तिचा नवरा प्रेम यांचा बसस्टँडजवळ स्टुडिओ. ती फारसं बोलायची नाही, पण काम तातेरावांच्या खालोखाल तिचंच, आणि हाताने फोकस करायला ती त्यांच्याकडूनच शिकली होती. "काका, मी एक काढून पाहू का?" तिने विचारलं आणि उत्तराची वाट पाहिली नाही. कॅमेरा हलवला नाही, काही बदललं नाही. डोळा लावला, कडं जरासं फिरवलं, तीन फोटो काढले.

वसंताने उघडले. पानाच्या तळाशी एक जाहीर नोटीस होती, हरवलेल्या कागदपत्रांची, मुंगीएवढ्या अक्षरांत. ती आता भिंतीएवढी मोठी होऊन पडद्यावर स्वच्छ वाचता येत होती. कागदाचे धागे दिसत होते.

ज्योत्स्नाने पडद्याकडे पाहिलंच नाही. ती तातेरावांकडे बघत होती. तिला कळलं होतं. "काका," ती हळूच म्हणाली, "एकदा डाव्या डोळ्यानं पाहा बरं."

तातेराव कॅमेऱ्याशी गेले. जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्यांनी डावा डोळा लावला, आणि काचेत ती नोटीस आली. अक्षर न् अक्षर, काना-मात्रेसकट. इतकं स्वच्छ त्यांनी त्या काचेतून वर्षभरात काही पाहिलं नव्हतं. ते वाकलेलेच राहिले. उठावंसं वाटेना.

मग उठले आणि म्हणाले, "न्हाई. तसंच दिसतंय. धूसर."

 खोटं सगळ्यांना कळलं, आणि सगळ्यांना कळलं हे त्यांनाही कळलं. मग वसंता खाकरला.

"असंल बाबा. जुनी लेन्स हाय, असंल काही तरी."

"हो काका," ज्योत्स्ना म्हणाली. "कधी बराबर धरती, कधी न्हाई धरत. असं होतं जुन्या लेन्सचं."

"होतं, होतं," कोपऱ्यातला कुणी म्हणाला. "तात्या खोटं कशाला सांगतील?"

तातेराव एकेकाच्या तोंडाकडे पाहत राहिले. या खोलीत त्यांनी पाणी ओलं असतं म्हटलं तरी चार जण विरोध करायचे. आज सगळे माना डोलवत होते. असं गोड बोलणं त्यांनी ऐकलं होतं, वसंताचा बाप अंथरुणाला खिळला तेव्हा. म्हातारा काहीही बरळला तरी सगळे असेच हो म्हणायचे. त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. कुणी कानाखाली मारली असती तर इतकी लागली नसती.

सोमेश्वर एकटा भडकला होता. "काय असंल? काय असंल रे वसंतकाका? डोळे फुटले का सगळ्यांचे? नोटीस वाचता येऊन राह्यली पडद्यावर! हा माणूस खोटारडा हाय. माझ्या पोटावर पाय दिला यानं. म्हातारा झाला म्हणून मी सोडणार न्हाई, आईची शप्पत!"

आणि त्या क्षणी तातेरावांना भर खोलीत तोच एक आपला वाटला.

"गप बसा रे सगळे," ते ओरडले. "मला पेशंट समजले का? लेन्स चांगली हाय. एक नंबर लेन्स हाय. याचा माल खोटा न्हाई. डोळा गेलाय माझा, उजवा. दिवाळीपासून मला माहीत हाय."

ज्योत्स्नाने मान खाली घातली. सोमेश्वर तोंडात आलेली पुढची शिवी गिळून तसाच उभा राहिला. मग रागातच म्हणाला, "मंग तवाच सांगायचं न्हाई का? माझी काहून माती केली गावोगाव?"

"तवा सांगितलं असतं तर तू काय केलं असतं?"

सोमेश्वरने विचार केला. इतरांसारखं काहीतरी गुळमुळीत बोलणं त्याला सहज जमलं असतं. 

"तुमच्या तारखा घेतल्या असत्या," तो म्हणाला.

वसंताने 'अरे अरे' केलं. तातेरावांनी हात वर करून त्याला थांबवलं. त्यांनी कॅमेऱ्यावरून लेन्स काढली, तिचं झाकण लावलं, ते दोनदा तपासलं.

"मंग घे," ते म्हणाले. "सगळ्या न्हाई देणार, फुगू नको. मी जालन्याला जाऊन येतो, काय म्हणतो डाक्टर ते पाहू. पण माघातली पयली, तुझ्याच पिंपळगावची, ती घे. तिथं उशिरा जाऊ नको, त्या घरचे लोक येळेचे पक्के हायेत. नवरीची आजी खुर्चीत बसलेली असती, तिचा फोटो सकाळीच काढ. दुपारपस्तोर ती थकती, मंग तिला घरात नेऊन निजवतेत, आन् मोठ्या पोरीच्या लग्नात माझ्याकडून तो र्‍हायला व्हता." त्यांचा आवाज फाटला, आणि तो फाटलेला आवाज कुणी ऐकू नये म्हणून ते आणखी जोरात खेकसले, "लिहून घे, गाढवा. लक्षात न्हाई र्‍हायचं तुझ्या."

सोमेश्वरने खिशातून पेन काढलं, आणि भिंतीवरच्या त्याच वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेला तो लिहायला लागला.